सोळा पिनांचा डिस्प्ले आणि घरचा जुना कॉम्प्युटर

घरात एक जुना डेस्कटॉप आहे, त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, नुसता एका कोपऱ्यात उभा असतो आणि सगळ्यांच्या फोनमधले फोटो, कागदपत्रं वगैरेचा बॅकअप घेत असतो. काम चोख करतो पण बाहेरून बघून काही म्हणजे काही कळत नाही, एक हिरवा दिवा लागलेला असतो बस. आई एकदा म्हणाली, "अरे हा काम करतोय का नुसता बसलाय, हे मला कळायचं कसं? मी मेन स्विच बंद करू का नको?" आणि तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण त्याआधी दोनदा बॅकअप अर्धा असताना बटण बंद झालं होतं. तेव्हाच ठरवलं की याच्या तोंडावर एक छोटा डिस्प्ले बसवायचा, दोन ओळींचा, तो अक्षरं दाखवणारा असतो ना, झेरॉक्स मशिनवर वगैरे दिसतो तसा.

हा डिस्प्ले बहुतेकांनी बघितलेला असतो पण आत काय असतं ते फार कमी जणांनी बघितलंय म्हणून थोडं सांगतो. याच्या पाठीमागे काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली एक कंट्रोलर चिप असते. मूळ चिप हिताचीची, एचडी४४७८०, १९८० च्या दशकातली. आज मिळणाऱ्या मॉड्यूलवर बहुतेक वेळा तीच चिप नसते, सॅमसंगची केएस००६६ किंवा सिट्रॉनिक्सची एसटी७०६६ अशी तिच्याच चालीवर चालणारी दुसरी असते, पण पिनांचा क्रम आणि भाषा तीच. इतक्या वर्षांत कॉम्प्युटरचं सगळं बदललं आणि ही भाषा तशीच राहिली, हे मला फार आवडतं. म्हणजे एकदा शिकलात की शिकलात.

पिना सोळा. पहिली ग्राउंड, दुसरी ५ व्होल्ट, तिसरी कंट्रास्टची. चौथी आरएस, म्हणजे आता जे पाठवतोय ती आज्ञा आहे का अक्षर आहे ते सांगणारी. पाचवी वाचायचं का लिहायचं, सहावी ई म्हणजे इनेबल, मग सात ते चौदा या आठ डेटाच्या तारा, आणि शेवटच्या दोन बॅकलाइटच्या. पण काही मॉड्यूलवर बॅकलाइटच्या दोन पिना उलट्या असतात, आणि काहींवर तर पहिली-दुसरीसुद्धा उलटी असते, त्यामुळे पाटीवर छापलेलं वाचल्याशिवाय वीज द्यायची नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो. उलटी वीज दिली की चिप गेली, परत येत नाही.

आकाराचं पण आधी बघा. मला खरं तर वीस अक्षरं चार ओळींचा बसवायचा होता, पण त्याची पाटी ९८ बाय ६० मिलिमीटर असते आणि सीडी ड्राइव्हच्या एका खणाची उंची ४१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन खण लागतात आणि माझ्याकडे एकच रिकामा. सोळा बाय दोनची पाटी ८० बाय ३६, ती एका खणात आरामात बसते. म्हणून सोळा बाय दोन.

आता जोडायचं कशाला? या कॉम्प्युटरला मागे पॅरलल पोर्ट आहे, तो जुना पंचवीस पिनांचा प्रिंटरचा. माझं प्रामाणिक मत असं की हे शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण पोर्टच्या दोन ते नऊ या पिना म्हणजे सरळ आठ बिट, तुम्ही एका पत्त्यावर एक आकडा लिहिला की त्या आठ तारांवर तो जसाच्या तसा उभा राहतो. पत्ता बहुतेक वेळा हेक्स ३७८, हेक्स म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा (नंतर घातलेलं कार्ड असेल तर वेगळा, तो शोधून घ्यावा लागतो). मध्ये ड्रायव्हर नाही, प्रोटोकॉल नाही, काही नाही. एका मित्राने मला बघून स्वतःच्या लॅपटॉपसाठी यूएसबीवरून प्रिंटर जोडायची केबल आणली आणि दोन दिवस त्याच्याशी झटत बसला, ती चालणारच नाही. त्या केबलला पलीकडे प्रिंटर हवा असतो, ती त्याच्याशी प्रिंटरच्या रीतीने बोलते, तारांवर आपल्याला हवा तो बिट उभा करायची सोयच तिच्यात नसते. पोर्ट दिसायला सारखा म्हणून फसायला होतं.

वीज पोर्टमधून घ्यायची नाही. पोर्टला ५ व्होल्टची पिनच नसते. मी आतल्या हार्ड डिस्कच्या चार तारांच्या जोडणीतून घेतली, त्यात लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळ्या दोन्ही ग्राउंड आणि पिवळी १२ व्होल्ट. पिवळीला हात लावायचा नाही. मॉड्यूल स्वतः एक-दोन मिलिअँपिअर खातं, खरी भूक बॅकलाइटची असते. मॉड्यूलवर बॅकलाइटसाठी रेझिस्टर बसवलेला आहे का बघा, नसेल तर बाहेरून घाला.

पहिल्या दिवशी सोळा पिनांचा हेडर म्हणजे पिनांची पट्टी सोल्डर केली, पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, त्यामुळे शेजारच्या पिनेला कथील लागू नये म्हणून एक पिन सोडून एक असं केलं आणि मग प्रत्येक शेजारच्या जोडीवर मल्टिमीटर ठेवून बीप वाजत नाही ना ते बघितलं. वीज दिली. बॅकलाइट छान लागला. बाकी काही नाही, कोरी पाटी. प्रोग्राम चालवला, कोरी. तारा परत तपासल्या, परत कोरी. संध्याकाळ अशीच गेली आणि मला वाटायला लागलं की डिस्प्लेच मेलेला आहे. तो मेलेला नव्हता, तिसरी पिन मी मोकळी सोडली होती. कंट्रास्टची पिन मोकळी असेल तर आत सगळं नीट चालू असतं, अक्षरं लिहिली जात असतात, पण काचेवर दिसत काहीच नाही. दहा किलोओहमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) घ्यायचा, त्याची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय तिसऱ्या पिनेला, आणि हळूहळू फिरवायचा. साधारण अर्ध्या ते एक व्होल्टच्या आसपास एकदम वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन उगवले. फक्त वरच्या ओळीत, खालची कोरी. ही खूण पाठ करून ठेवा: वरची ओळ काळी आणि खालची कोरी म्हणजे वीज पोचली, कंट्रास्ट बरोबर, चिप जिवंत आहे पण तिला अजून कुणी जागं केलेलं नाही. इथून पुढे चूक तुमच्या डेटाच्या तारांत नाहीतर प्रोग्राममध्ये.

लिहायची रीत अशी की आरएस ठरवायची, डेटाच्या तारांवर आकडा उभा करायचा, मग ई वर करायची आणि खाली आणायची. ई खाली येते त्या क्षणी चिप तारांवरचं उचलते. बस एवढंच. जास्तीत जास्त वेळेची काही अट नाही, म्हणजे ई वर करून तुम्ही चहा घेऊन आलात तरी ती वाट बघत बसते. म्हणून मी पहिल्यांदा सगळं मुद्दाम सावकाश केलं, प्रत्येक पायरीला एक सेकंद, आणि प्रत्येक तारेला एक एलईडी रेझिस्टरसकट लावला. इंग्रजी ए पाठवायचा म्हणजे ६५, म्हणजे ०१०००००१. दुसरा दिवा आणि शेवटचा दिवा लागला, बाकी विझलेले, मग ईचा दिवा लागला, विझला, आणि विझता क्षणी काचेवर ए. मला माहिती होतं काय होणार आहे आणि तरी मी खुर्चीवरून उठलो. तेच परत परत केलं, मग बी, मग सी. कॉम्प्युटरच्या आत एवढ्या वेगाने जे चालतं ते असं एकेक दिव्याने समोर उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

पाचवी पिन, वाचायचं का लिहायचं ती, मी सरळ ग्राउंडला टाकली, म्हणजे कायमचं लिहायचं. तशी चिपला विचारता येतं की बाई तुझं आधीचं काम झालं का, डेटाच्या शेवटच्या, आठव्या तारेवर ती उत्तर देते. पण त्यासाठी पोर्ट दोन्ही दिशांनी चालवायला लागतो आणि मला गुंता वाढवायचा नव्हता. विचारायचं नसेल तर थांबायचं: एका अक्षराला ३७ मायक्रोसेकंद, पूर्ण पाटी पुसायच्या आज्ञेला १.५२ मिलिसेकंद. लिनक्सवर झोपेचा कॉल (प्रोग्रामला थोडं थांब सांगणारी सूचना) कितीही छोटा दिला तरी साधारण पन्नासेक मायक्रोसेकंद जातातच त्यामुळे अक्षरांची काळजी नाही, पण पुसायच्या आज्ञेनंतर थांबायला विसरलात की पहिली एक-दोन अक्षरं गायब. पण पाचवी पिन ग्राउंडला टाकल्यावर एक गोष्ट कायमची ठरते, हा डिस्प्ले आता फक्त ऐकणार, बोलणार नाही. त्याच्या आत आत्ता काय परिस्थिती आहे याचा हिशोब सगळा आपणच ठेवायचा. माझ्या पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच आल्या.

आठ तारांवर सगळं नीट चाललं, मग मी चार तारांवर आलो. कारण दोन होती. एक म्हणजे केबल जाड होत होती. दुसरं म्हणजे पोर्टच्या ज्या कंट्रोल पिना मी आरएस आणि ई साठी वापरत होतो त्यातल्या काही उलट्या असतात, एक, चौदा आणि सतरा या पिनांवर एक लिहिलं की तारेवर शून्य येतं, फक्त सोळावी सरळ, आणि हे डोक्यात ठेवून प्रोग्राम लिहिणं वैताग. चार तारांच्या रीतीत प्रत्येक आकडा दोन अर्ध्यांत जातो, आधी वरचे चार बिट, मग खालचे चार. म्हणजे डेटाच्या चार, आरएस आणि ई अशा सहा तारा, सगळ्या पोर्टच्या आठ सरळ पिनांतच मावतात. फार सुटसुटीत.

आणि मग गंमत अशी व्हायला लागली की कॉम्प्युटर नव्याने चालू केला की सगळं छान, पण प्रोग्राम मध्येच थांबवून परत सुरू केला की कधी नीट तर कधी पाटीभर जपानी अक्षरं आणि चिन्हं. कारण समजून घ्यायला मला डेटाशीट, म्हणजे चिप बनवणाऱ्याने दिलेली माहिती, तीनदा वाचावी लागली. समजा प्रोग्राम बरोबर दोन अर्ध्यांच्या मध्ये थांबला. चिपने वरचा अर्धा घेतलाय, आता ती खालच्या अर्ध्याची वाट बघतेय. नवा प्रोग्राम येतो आणि आपला पहिला अर्धा पाठवतो, चिप तो जुन्याचा दुसरा अर्धा समजते, आणि तिथून पुढे सगळंच एका पावलाने चुकत जातं. आणि ती बोलत नाही त्यामुळे कळायला मार्ग नाही.

यावरचा उपाय डेटाशीटमध्येच आहे आणि तो इतका सुंदर आहे की मला सविस्तर लिहायचंच होतं. सुरुवातीला नुसता ३ पाठवायचा, तीन वेळा. पहिल्या आधी वीज आल्यापासून १५ मिलिसेकंद तरी थांबायचं, पहिल्यानंतर ४.१ मिलिसेकंद, दुसऱ्यानंतर १०० मायक्रोसेकंद. बऱ्याच प्रोग्राममध्ये हे तीन ३ दिसतात आणि लोक ते तसेच उचलतात, मीही उचलायचो. आता बघा. चिप आठ तारांच्या रीतीत असेल तर प्रत्येक ३ म्हणजे "आठ तारांवर ये" हीच पूर्ण आज्ञा, तीनदा सांगितलं, काही बिघडलं नाही. चिप चार तारांच्या रीतीत असेल आणि नव्या आज्ञेची वाट बघत असेल तर पहिले दोन ३ मिळून हेक्स ३३ होतं, त्याचाही अर्थ आठ तारांवर ये, आणि तिसरा ३ परत तेच सांगतो. आणि चिप अर्ध्यात अडकलेली असेल तर पहिला ३ त्या जुन्या अर्ध्याला चिकटतो, काहीतरी भलतीच आज्ञा होते, ती घरी परत यायची (म्हणजे पहिल्या जागेवर जायची) अशी लांबलचक असू शकते म्हणून तर ४.१ मिलिसेकंद थांबायचं, आणि मग दुसरा आणि तिसरा मिळून ३३. म्हणजे चिप कुठल्याही परिस्थितीत असो, तीन ३ नंतर ती आठ तारांवर आलेली असते, खात्रीने. न विचारता! मग एकदा २ पाठवून चार तारांवर आणायची आणि पुढच्या आज्ञा द्यायच्या, हेक्समध्ये: २८, ०८, ०१, ०६ आणि ०सी. ज्या कुणी हे रचलं त्याने समोरच्याची अवस्था माहीत नसताना त्याला शुद्धीवर कसं आणायचं याचा केवढा विचार केला असेल.

ओळींचा पत्ता थोडक्यात सांगतो. चिपमध्ये ८० अक्षरांची जागा असते, चाळीस-चाळीसच्या दोन ओळी, पहिली शून्यापासून आणि दुसरी हेक्स ४० पासून. आपल्या काचेवर त्यातली सोळा-सोळाच दिसतात, म्हणून सतरावं अक्षर दुसऱ्या ओळीत जात नाही, पडद्याआड जातं. चार ओळींच्या डिस्प्लेत पहिली ओळ भरली की मजकूर तिसऱ्या ओळीत उतरतो तोही याचमुळे, तो बिघाड नाही.

केबलचं एक. आधी मीटरभर रिबन केबल होती आणि दिवसातून एक-दोनदा एखादं अक्षर जास्तीचं उमटायचं. केबल फूटभरावर आणली, ई च्या तारेशेजारी एक ग्राउंडची तार ठेवली, मॉड्यूलच्या वीजेच्या पिनांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, त्यानंतर एकदाही झालं नाही.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग, मराठी. चिपमध्ये इंग्रजी असतं, जपानी काताकाना असते, आपली देवनागरी कुठून असणार. पण स्वतःची आठ अक्षरं काढायला जागा दिलेली असते, प्रत्येक पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच. चौकडीचा कागद घेऊन बसलो. आईसाठी आधी "नको" लिहायचं ठरवलं, म्हणजे बंद करू नको. "को" वरची मात्रा काढायला शिरोरेषेच्या वर जागा हवी, म्हणून शिरोरेषा तिसऱ्या रांगेत आणली, वरच्या दोन रांगा मात्रेला. म्हणजे अक्षराच्या अंगाला उरल्या पाच रांगा. पाच बाय पाच ठिपक्यांत क. मधला दांडा, डावीकडे तीन ठिपक्यांचा पोकळ चौकोन, उजवीकडे वळण, आकड्यांत ०, ०, ३१, ४, ३१, २१, २८, ४. वाटलं नव्हतं पण लांबून बघितलं तर चक्क क दिसतो.

न चे आकडे ०, ०, ३१, १, ३१, २५, १, १. आणि म चे ०, ०, ३१, ९, ३१, २५, १, १. नीट बघा, फक्त चौथी रांग वेगळी, आणि त्या रांगेतही १ आणि ९, म्हणजे एकच ठिपका. शिरोरेषेपासून खाली आलेला तो एक ठिपका दिला की म, काढून घेतला की न. इतकी वर्षं ही अक्षरं लिहितोय पण ती एकमेकांच्या इतकी जवळ आहेत हे मी कधी बघितलंच नव्हतं.

आईला "नको" दाखवलं तर ती म्हणाली, "नको म्हणजे काय नको? त्यापेक्षा काम असं लिही की, काम चालू असताना मी हात लावत नाही." म्हणून "काम". क, काना, म, तीनच घरं. शिरोरेषा मात्र सलग होत नाही, काचेवर दोन घरांमध्ये बारीक फट असते आणि तिथे ठिपकाच नाही तर लावणार काय. दोन-तीन फुटांवरून डोळा ती फट भरून काढतो. अक्षरं आत लिहिताना एक चूक हमखास होते: हेक्स ४० ची आज्ञा देऊन तुम्ही अक्षरांच्या जागेत शिरता, आठ-आठ आकडे लिहिता, आणि मग ८० ची आज्ञा देऊन बाहेर यायला विसरता, मग पुढचा सगळा मजकूर काचेवर न जाता तुमच्या अक्षरांवरच सांडतो.

ज्यांच्याकडे पॅरलल पोर्ट नाही त्यांनी आयटूसीची (दोनच तारांवर डेटा नेणारी रीत) पाटी चिकटवलेलं मॉड्यूल घ्यावं, त्यावर पीसीएफ८५७४ चिप असते, पत्ता हेक्स २७ नाहीतर ३एफ, आणि तारा चारच. तिथेही आत हीच चार तारांची रीत चालते. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला लावताना मात्र त्या पाटीवरचे पुल-अप (तार वर धरून ठेवणारे रेझिस्टर) ५ व्होल्टला असतात आणि पायच्या पिना ३.३ च्या, मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेजची सांगड घालणारा) घाला.

तर डिस्प्ले बसला, वरच्या ओळीत वेळ आणि आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता) आलटून पालटून, खालच्या ओळीत डिस्कमधली जागा, आणि बॅकअप चालू असेल तेव्हा डाव्या कोपऱ्यात "काम". पंधरा दिवस छान गेले. मग एका रविवारी आई म्हणाली, सकाळपासून काम काम दाखवतोय, संपत कसं नाही? जाऊन बघितलं तर वेळ सकाळी सहाच्या सुमाराची. कॉम्प्युटर पहाटेच गोठला होता. डिस्प्लेची मेमरी स्वतःची, त्याला शेवटचं जे सांगितलं ते तो वीज असेपर्यंत धरून ठेवतो, सांगणारा जिवंत आहे का नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. सुरुवातीला मी तपासणीपुरती यूएसबीवरून वीज घेत होतो तेव्हाही कॉम्प्युटर बंद केल्यावर मजकूर तसाच दिसायचा, कारण त्या पोर्टला बंद असतानाही ५ व्होल्ट येत होते, पण तेव्हा मी त्याचा विचारच केला नाही.

मग दोन गोष्टी केल्या. बंद होताना पाटी पुसायची आज्ञा. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका, दर सेकंदाला एक रांग खाली जाणारा, आठ रांगा झाल्या की परत वर. त्यासाठी सहावं घर खर्ची पडलं, "नको" आणि "काम" मिळून पाच गेली होती, अजून दोन शिल्लक आहेत. आईला सांगितलंय, "काम दिसलं तर हात लावू नकोस, आणि ठिपका हलत नसेल तर मला हाक मार."

परवा तिने हाक मारली होती. ठिपका हलत होता, तिला नुसतं दाखवायचं होतं की बॅकअप संपला आणि "काम" आपोआप गेलं.